गाडीवाचूनचे गाव

ताविरा, मंगळवार, १४ जानेवारी २०२५

पहाटेपासून पाऊस लागला आहे. आज मुद्दाम पावसातच बाजारात गेलो, कारण जे पाहायला आम्ही इतक्या लांब आलो आहोत ते नेमके हेच आहे. यांना रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होऊ लागल्यापासून गाडी चालवणे बंद झाले आणि मी तर ती चालवायला कधी शिकलेच नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर परदेशात, समुद्राकाठी आणि गाडीवाचून राहायचे असे जे आम्ही ठरवले त्यात तत्त्वापेक्षा नाइलाजाचा भाग मोठा आहे, हे इथे तरी कबूल करायला हरकत नाही. जूनमध्ये किनाऱ्यावरचे कोणतेही गाव पायी हिंडण्याजोगे वाटते. जानेवारीत, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भरलेली पिशवी आणि खाली कुरकुरणारा गुडघा असताना तेच गाव कसे वागवते, हे कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

दक्षिण पोर्तुगालमधले हे गाव सुरेख आहे. मधून जिलाव नदी वाहते, तिच्यावर जुना दगडी पूल आहे आणि दोन्ही काठ सपाट आहेत. पदपथ मात्र पोर्तुगालभर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या चुनखडीच्या लहान लहान दगडांचे आहेत. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते दगड गुळगुळीत झाले आहेत आणि पाऊस पडला की त्यांच्यावर साबण ओतल्यासारखे होते. आज माझ्यापुढे ऐंशीच्या घरातल्या एक बाई चालत होत्या. पदपथ मोकळा असूनही त्या खाली उतरून रस्त्याच्या डांबरावरून, कडेकडेने, अजिबात न घाबरता निघाल्या होत्या. पाच मिनिटांनी माझा पाय सरकला तेव्हा त्यांचे म्हणणे मला न बोलता कळले आणि मीही डांबरावर उतरले.

समुद्र आहे, पण गावात नाही. मधे खारे पाणथळ आहे आणि वाळूचा किनारा पलीकडच्या बेटावर. उन्हाळ्यात होडी गावातूनच सुटते. हिवाळ्यात तिच्यासाठी सुमारे दोन किलोमीटर चालत धक्क्यावर जावे लागते. म्हणजे इथे समुद्रसुद्धा वेळापत्रकाने भेटणार. आगगाडीची मात्र सोय आहे. लागोसपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत जाणारी किनाऱ्याची रेल्वे इथे थांबते, फारो शहरातले मोठे रुग्णालय तिने साधारण पाऊण तासावर आहे आणि वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना पोर्तुगालच्या रेल्वेत निम्मे भाडे पडते. यांना ते मिळते, मला अजून दोन वर्षे आहेत. "माझ्या खर्चाने म्हातारी हो," असे हे स्टेशनावर म्हणाले आणि तिकीट खिडकीवरचा माणूस भाषा न कळताही हसला.

ताविरा, रविवार, १९ जानेवारी

दिवसभर हिशेब केला. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, त्यामुळे कायमचे यायचे तर निवासाचा व्हिसाच हवा. पोर्तुगालचा पेन्शनरांना सोयीचा 'डी ७' व्हिसा तिथल्या किमान वेतनाला बांधलेला आहे. ते यंदा, २०२५ मध्ये, महिना ८७० युरो आहे आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे अधिक दाखवावे लागतात, म्हणजे आम्हा दोघांना १,३०५. स्पेनमध्ये काम न करता राहणाऱ्याला सरकारी उत्पन्न-निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे २,४०० युरो दाखवावे लागतात, जोडीदारामागे आणखी ६००, आणि शिवाय खासगी आरोग्यविमा घ्यावा लागतो. आमच्या पेन्शनीत पोर्तुगाल ऐसपैस बसते आणि स्पेन काठोकाठ.

महिन्याच्या सुरुवातीला आम्ही आठवडाभर लिस्बनजवळच्या कश्काइशला राहिलो होतो, त्याचाही विचार पुन्हा करून पाहिला. लिस्बनहून आगगाडीने चाळीस मिनिटे, स्टेशनातून बाहेर पडले की दोन-चार मिनिटांत पाणी, शेजारच्या एश्तोरिल गावाच्या पलीकडेपर्यंत समुद्रालगत गाड्यांना मज्जाव असलेली सपाट वाट, आणि २०२० पासून रहिवाशांना बस फुकट. गाडी नसलेल्या माणसाने आणखी काय मागावे? पण घरभाडे ऐकून आम्ही दोघेही एकदम गप्प झालो होतो. ते नाव वहीतून खोडले.

कादिझ, मंगळवार, २८ जानेवारी

काल पोर्तुगालमधून स्पेनमध्ये आलो. अंतर फार नाही, पण या दोन देशांना दक्षिणेकडे जोडणारी रेल्वेच नाही. ग्वादियाना नदीवरच्या पुलावरून बसने सेव्हिल गाठायचे आणि तिथून आगगाडी धरायची. स्पेनचे घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे, हे आम्हाला पूर्ण ठाऊक होते, तरीही यांनी सगळा मेळ जुन्याच वेळेवर बसवला आणि सेव्हिलला आम्ही पोचलो तेव्हा ठरवलेली गाडी निघून गेली होती. दोघे पेट्यांवर बसून पुढच्या गाडीची वाट पाहत राहिलो. मी काही बोलले नाही, त्याचाच यांना जास्त त्रास झाला. मोटारवाल्याची एक चूक दहा मिनिटांत भरून निघते. आमची दोन तास खाते, आणि इथून पुढच्या प्रत्येक वर्षात ती अधूनमधून खाणार आहे. म्हणून ज्या गावाहून दिवसाला चारच गाड्या सुटतात ते गाव, कितीही देखणे असले तरी, मला नको. एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. स्पेनच्या रेल्वेचे सवलतकार्ड साठाव्या वर्षीच मिळते, त्यामुळे यावेळी मीही हक्काने खिडकीशी उभी राहिले.

कादिझ, शनिवार, ८ फेब्रुवारी

जुने कादिझ हे जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले, सपाट, दाट आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज चालून जाण्याइतके लहान शहर आहे. बोळ इतके अरुंद आहेत की मोटारी तिथे संकोचून येतात. रेल्वे स्टेशन जुन्या शहराच्या तोंडाशीच आहे. मंडई, औषधांचे दुकान, ग्रंथालय, ला कालेताचा छोटा किनारा, सारे पायाखाली. पहिल्या चार दिवसांत मी मनाने इथली रहिवासी झालेही होते.

मग पायऱ्या मोजल्या. आम्ही भाड्याने घेतलेले घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारत दोन शतके तरी जुनी असावी आणि तिला लिफ्ट नाही. ५८ पायऱ्या, त्यातल्या वळणावरच्या नऊ तिरप्या, आणि कठडा एकाच बाजूला. किराणा-भाजी एकदम आणायचे सोडून मी थोडे थोडे आणू लागले, दुपारी विसरलेली वस्तू उद्यावर ढकलू लागले, आणि परवा सूर्यास्त पाहायला खाली उतरायचा कंटाळा केला. दहा मिनिटांवर समुद्र असताना! इतके दिवस मी रस्त्यांची लांबी मोजत होते, पण घरातून बाहेर पडणे अवघड झाले की रस्ता सपाट असून काय उपयोग? त्यात या आठवड्यात लेव्हान्ते नावाचा पूर्वेकडचा वारा सुटला आहे. तो सुटला की छत्री उघडण्याचा प्रश्नच येत नाही आणि रात्रभर खिडक्या वाजत राहतात. हे म्हणतात, वाऱ्याची सवय होईल. पायऱ्यांची होणार नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

कादिझ, शनिवार, १५ फेब्रुवारी

गेले तीन दिवस आम्ही वेशीबाहेरच्या भागात, पुएर्ता तिएर्रात, हिंडतो आहोत. तिथे कोणी पर्यटक फोटो काढत नाही. विसाव्या शतकातल्या आठ-नऊ मजली इमारती, मधून एक रुंद हमरस्ता, खाली वाण्याची दुकाने आणि बँका, आणि इमारतींच्या मागे प्लाया दे ला विक्टोरियाची तीन किलोमीटर लांब वाळू व तिच्याकडेने सपाट फरसबंद वाट. देखणे नाही, आणि मला ते नाही याचे आता वाईटही वाटत नाही. इमारतींना लिफ्ट आहेत. पुएर्ता देल मार हे विद्यापीठाचे मोठे रुग्णालय याच रस्त्यावर आहे. उपनगरी रेल्वेची स्थानके आणि बसचे थांबे एकमेकांच्या जवळ आहेत. सकाळी अकरा वाजता बाकांवर आमच्याच वयाची माणसे बसलेली असतात, त्यांतली दोघे-तिघे वॉकर घेऊन येतात. ज्या रस्त्यावर वॉकर घेतलेली माणसे एकटी फिरतात त्या रस्त्याची आणखी वेगळी परीक्षा घ्यायची गरज नाही असे मला वाटते.

एक गोष्ट तेवढी खटकली. पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे अनेक देशांत धरले जाते आणि पिशवी घेतल्यावर मी तेवढी भरभर चालत नाही. हमरस्ता ओलांडताना एकदा हिरवा माणूस लुकलुकू लागला तेव्हा मी मध्येच होते. गाड्या थांबल्या, कोणी हॉर्न वाजवला नाही, पण यांनी माझा दंड धरला तो पलीकडे पोचल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

आज पाचव्या मजल्यावरचे एक घर पाहिले. लिफ्टच्या दारापासून वाळूपर्यंत माझी ३९० पावले झाली, औषधांच्या दुकानापर्यंत १४०, आणि दोन्हीकडे जाताना हमरस्ता ओलांडावा लागत नाही. सोमवारी घरमालकाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीला साधारण किती दिवस लागतात, आणि लेव्हान्ते कोणत्या खिडकीवर येतो.