ईएसआयमध्ये गेलेलं बोट

चाकणला एका प्रेस शॉपवाल्या, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कंपनीत सेफ्टी बघायचो तेव्हाचं आहे. बजेट मीटिंगच्या आदल्या दिवशी फायनान्सने शीट पाठवली, कुठल्या इजेवर किती मेडिकल खर्च झाला त्याची, म्हणाले जिथे जास्त पैसा जातो तिथे आधी सेफ्टीवर खर्च करू. ऐकायला एकदम बरोबर. पण शीटमध्ये एक नंबरला बाइकवरून पडलेले स्टाफवाले, मग कंबर लचकलेले, आणि पॉवर प्रेसवर बोटं गेलेली पोरं पार तळाला, रक्कम जवळजवळ शून्य!

कारण साधं होतं, २१,००० च्या वर पगारवाले मेडिक्लेममध्ये, आणि प्रेसवरची पोरं ठेकेदाराची, ईएसआयमध्ये, म्हणजे कमी पगारवाल्यांच्या सरकारी कामगार विमा योजनेत, त्यांचं बिल कंपनीत येतच नाही.

मग खाली शॉपवर गेलो. जुन्या प्रेसला दोन बटनं, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडणार, तर एका बटनात रबराचा तुकडा खोचून ते कायमचं दाबून ठेवलेलं, म्हणजे एक हात डायमध्ये, साच्याखाली, पत्र्याचा तुकडा सरकवायला मोकळा. कोणी लावलं विचारलं तर सगळे इकडेतिकडे बघायला लागले. हाताऐवजी वापरायला चिमटा होता, पण त्याने टार्गेट होत नाही म्हणे.

रात्री शीटमध्ये नवीन कॉलम टाकला, बिल कोणीही भरो, इजेचा खर्च किती त्याचा. ऑपरेशनला मेडिक्लेमवाल्या हॉस्पिटलचा रेट धरला, सुट्टीतल्या पगाराचे ९० टक्के धरले. एका चोवीस वर्षांच्या पोराच्या तर्जनीचं एक पेर गेलेलं, कायद्याच्या तक्त्यात त्याला कमाईची क्षमता ९ टक्के गेली असं धरतात, १८,००० पगाराच्या ९० टक्क्यांवर ते ९ टक्के, म्हणजे ईएसआयची पेन्शन महिन्याला साधारण १,४५८. चाळीस वर्षं धरली तर सात लाखाच्या आसपास, तेही महागाई सोडून. लिस्ट उलटीच झाली.

मीटिंगमध्ये फायनान्सवाले साहेब म्हणाले, "पण हा पैसा आपण कुठे भरतोय?" आणि खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा बिनतोड होता, ईएसआयमध्ये मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के, बोटं गेली काय नि वाचली काय तेवढाच. मला पटकन उत्तर सुचेना. प्लांट हेड मूळचे टूलरूमवाले, तेच म्हणाले, "प्रेस आपला आहे ना? मग धरा आपल्याच खात्यात."

दोन प्रेसना लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारे प्रकाशकिरणांचे पडदे, मंजूर झाले, बाकीच्यांचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. हेल्मेटवाटपाचा कार्यक्रम मात्र झालाच, बॅनर आणि फोटोसकट.