येझदीचं इंजिन: क्रँककेसमधला तुटका स्टड निघाला

क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या कवचातला) तुटका स्टड, म्हणजे डोकं नसलेला आट्यांचा बोल्ट, अखेर बाहेर आला. आटे शाबूत आहेत, हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी घालायची तारेची गुंडाळी) बसवायची वेळ आली नाही. फार आनंद झालाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ही येझदी मोटरसायकल ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतल्या एका गोठ्यात पाण्याखाली गेली आणि पुढे तशीच पडून राहिली. पंचगंगेचा गाळ फटीफटीत बसलेला. तो ब्रश आणि डिझेलने काढल्याशिवाय कशालाच पाना लावला नाही. आट्यांच्या तोंडाशी गाळ असला की वरून कितीही तेल सोडा, आत उतरत नाही.

चेसिसच्या नट-बोल्टांनी फारसं दमवलं नाही. तिथे लोखंडात लोखंड. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आटे आवळून धरतो, म्हणून तेल सोडून रात्रभर ठेवायचं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोके द्यायचे, मग सहा कोनी सॉकेट लावून आधी किंचित आवळायचं आणि मग सोडवायचं. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खातो, तो बाजूलाच ठेवा. फूटरेस्टचा एक नट तरीही हलेना. तो गॅसच्या टॉर्चने (ज्योतीच्या, विजेरी नव्हे) लाल केला, थोडा निवल्यावर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं आणि नट सुटला.

क्रँककेसची गोष्ट निराळी. केस अॅल्युमिनियमची, स्टड पोलादी. दोन धातूंमध्ये पाणी शिरलं की अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड आट्यांत घट्ट बसते. आधी कुणीतरी पाइप लावून जोर केलेला, त्यामुळे स्टड तुटून जेमतेम दोन आटे वर राहिले होते.

इथे उष्णताच कामाची. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. 8 मिलिमीटरच्या स्टडला 100 अंशांनी तापवलं तर दोघांतला फरक पडतो 0.01 मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण पांढऱ्या पुडीची पकड मोडायला तेवढा पुरतो. ज्योत स्टडवर धरायची नाही, भोवतीच्या केसवर फिरवत राहायची. अॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, एकदम ढासळतं, म्हणून पाण्याचा थेंब टाकून तो तडतडतोय का एवढंच बघायचं. गाडीवर पेट्रोल असेल तर टॉर्च हातातही घेऊ नका. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको; काही क्लीनरमधून तापल्यावर विषारी वायू निघतो.

एवढं करूनही स्टड व्हाइस ग्रिपमध्ये (लॉक होणाऱ्या पकडीत) टिकेना. मग केस कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली. तिथल्या वेल्डिंगवाल्या मामांनी स्टडवर नट ठेवला आणि आतून वेल्ड भरला. पोलादाचा रॉड अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे केसला धक्का लागला नाही. मी लगेच पाना उचलला तर म्हणाले, "निवू दे की जरा, मग फिरव." वेल्डने स्टड आतून तापतो, फुगतो, निवताना आक्रसतो, पकड तिथे सुटते. पाव फेरा पुढे, पाव मागे, मध्ये तेल, असं करत तो आला.

ईझी-आउट (तुटक्या बोल्टात भोक पाडून घालायचा उलट्या आट्यांचा काढणी) मी मुद्दाम वापरला नाही. तो कडक पोलादाचा, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही. मग ईडीएम मशीनवालाच (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारा) गाठावा लागतो. वेल्ड जमलाच नसता तर मधोमध पंच मारून बारीक ड्रिलपासून वाढवत 6.5 मिलिमीटरपर्यंत गेलो असतो आणि उरलेले आटे टोकदार सुईने उचलले असते. या 8 मिलिमीटर स्टडच्या 1.25 पिचच्या (दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये) आट्यांसाठी, टॅपने आटे पाडण्याआधीचं भोक 6.8 चं असतं, त्याच्या आत थांबायचं.

नवीन स्टड कॉपर ग्रीस लावून बसवला आहे. ग्रीसमुळे आटे सरकतात, म्हणून टॉर्क (आवळायचा जोर) कोरड्या आट्यांच्या आकड्यापेक्षा कमी ठेवणार. आता स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) पिव्हट पिन उरली. ती बुशमध्ये (भोवतीच्या नळीत) पूर्ण धरलेली आहे, सध्या दोन्ही टोकांना तेल सोडून ठेवलंय.