‘आवाज मोकळा पाहिजे’ : आमची वाटचाल

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आमचं दुकान नव्वदच्या दशकात सुरू झालं. वडील टेपरेकॉर्डर आणि वॉकमन दुरुस्त करत. हेडफोन वॉकमनबरोबर यायचा आणि जॅकपाशी वायर तुटली की आमच्याकडे यायचा. आज आम्ही हेडफोन आणि इअरफोन विकतो, दुरुस्त करतो, आणि मुख्य म्हणजे लोकांना शांतपणे बसून ऐकू देतो. या सगळ्याचा पाया वडिलांच्या पावतीपुस्तकात आहे.

‘काय बिघडलंय?’ असं ते विचारत नसत. ‘आवाज कसा येतोय?’ असं विचारत आणि गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे पावतीवर लिहीत. ‘फाटतो.’ ‘घोगरा येतो.’ ‘डब्यातून आल्यासारखा.’ ‘बाजा वाजतो, पण गाणारा गायब.’ हा शेवटचा शब्दप्रयोग मला फार आवडतो, कारण दोष त्यात पुरता सांगितलेला आहे. डाव्या-उजव्या कानाची सामाईक वायर तुटली की दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं एकमेकांना खोडून टाकतं आणि फक्त फरक उरतो. गायकाचा आवाज बहुधा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो, तोच जातो. वडील पावती वाचूनच जॅक उघडत. ‘फाटतो’ म्हटलं की आतल्या थरथरणाऱ्या पडद्याला चिकटलेला केस किंवा धूळ शोधत. ‘बेस गेला आणि आवाज डोक्याच्या मागून येतो’ म्हटलं की आधीच्या कोणीतरी एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्यात का, ते बघत. लोकांना आवाजाचं वर्णन करता येत नाही, असं आमच्या धंद्यात अनेक जण म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही.

२०१६ हे आमच्यासाठी मोठं वर्ष ठरलं. सप्टेंबरात जिओ आलं, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि दिवसभर गाणी ऐकणं सगळ्यांच्या आवाक्यात आलं. त्याच महिन्यात ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढून टाकला. पुढे कानात बसवायच्या बिनवायरीच्या छोट्या कळ्या, म्हणजे इअरबड, सगळीकडे झाल्या. त्या चिकटवून बंद केलेल्या असतात. उघडल्या की बहुतेक वेळा पूर्ववत होत नाहीत. दुरुस्तीचं काम आटलं आणि आम्ही विक्रीकडे वळलो.

विक्रीत मात्र एकच शब्द होता : बेस. खोक्यावर बेस, जाहिरातीत बेस, गिऱ्हाइकाच्या तोंडी बेस. दहा जण दहा वेगळ्या गोष्टींना बेस म्हणत. एकाला ४०-५० हर्ट्झची (सेकंदाला इतकी कंपनं; आकडा लहान तितका स्वर खालचा) छातीत जाणवणारी धडक हवी असायची. दुसऱ्याला २०० हर्ट्झच्या आसपासचा जाडपणा हवा असायचा, ज्यात गाणाऱ्याचा आवाज गुदमरतो. तिसऱ्याचं रबरी टोकच कानात नीट बसलेलं नसायचं. हे तिसरं फार आढळतं. टोक आणि कान यांच्यात फट राहिली की खालचे स्वर गळून जातात. चष्म्याच्या काडीमुळे मोठ्या हेडफोनची गादी उचलली गेली तरी तेच. योग्य मापाचं टोक बसवलं की ‘पोकळ’ वाटणारा इअरफोन तिथल्या तिथे ‘भरीव’ होतो, नवीन घ्यावा लागत नाही. आमची विक्री त्यामुळे बुडते, असं नातेवाईक म्हणत. तीच माणसं पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन येतात, हा माझा अनुभव आहे.

मग २०२० साली टाळेबंदी आली. शाळा-कॉलेजं, ऑफिसं घरात आली, हेडफोनची मागणी वाढली आणि ऐकवायला मात्र कोणी समोर नाही. फोनवर शब्दांखेरीज हातात काहीच नव्हतं. ‘काका, मुलीला तास संपल्यावर कान दुखल्यासारखे होतात, आवाज टोचतो.’ ‘दादा, सर बोलतात ते कळतं, पण घोंगडीतून बोलल्यासारखं.’ वडिलांची पावतीपुस्तकं तेव्हा मी पुन्हा काढली आणि आमची यादी सुरू झाली : गिऱ्हाईक काय म्हणतं, आणि त्याच्यामागे आवाजात काय असतं.

‘टोचतो’ म्हणजे बहुतेक वेळा ५ ते ८ हजार हर्ट्झमधला उंचवटा, म्हणजे त्या पट्ट्यातला आवाज बाकीच्यापेक्षा मोठा. स, श, छ ही अक्षरं तिथे सुईसारखी येतात. ‘अंगावर येतो’ ही तक्रार त्याच्या खालच्या, २ ते ४ हजारच्या पट्ट्याची. आपल्या कानाची नळी स्वतःच तीन हजारच्या आसपास आवाज वाढवते, म्हणून तिथे थोडंही जास्त झालं की लगेच कळतं. ‘घोंगडीतून’ म्हणजे वरचे स्वर कमी, किंवा खालचे इतके जास्त की वरचे झाकले जातात. इंग्रजीत ज्याला वॉर्म (उबदार), ब्राइट (झळझळीत), मडी (गढूळ) म्हणतात ते या यादीत कुठे ना कुठे बसतं. जे. गॉर्डन होल्ट यांनी अमेरिकेत १९६२ साली ‘स्टिरिओफाइल’ हे ध्वनियंत्रांवरचं नियतकालिक सुरू केलं, तेव्हापासून असे शब्द हळूहळू रुळत गेले. मला त्या परंपरेबद्दल आदर आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या माणसाला आधी तो कोश शिका, असं मी का सांगावं? त्याच्या घरात तंबोरा असतो, तबला असतो, भजनाची पेटी असते. शब्द तिथे तयार आहेत.

डग्ग्याचा घुमारा, म्हणजे घुमणारा खालचा नाद, घ्या. आमच्याकडे येणारे एक तबल्याचे गुरुजी एक हेडफोन कानाला लावून म्हणाले, ‘घुमारा भरपूर आहे रे, पण सुटत नाही. पुढचा बोल येईपर्यंत मागचा रेंगाळतोय.’ खालच्या स्वरांचं प्रमाण आणि त्यांचं वेळेवर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तेव्हापासून बेसबद्दल विचारताना आम्ही द्रुत तीनताल लावतो.

तंबोरा तर आमची खरी कसोटी. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला आणलेली झणझण, नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून न छेडलेला ‘स्वयंभू’ गंधार ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारा, पाचपट कंपनांचा स्वर. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) तंबोऱ्यात खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो, म्हणजे गंधार सुमारे ३४६ वर. हेडफोनने खालचा भाग फुगवला असेल तर हा गंधार बुडतो, आणि वरचा भाग दाबला असेल तर जवारीची झळाळी जाते. एकाच वाद्यात दोन्ही टोकं तपासून होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याच्या घोडीचं हे वैशिष्ट्य नोंदवलं होतं : तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही जवारीमुळे उमटतात. मिरजेच्या कारागिरांनी हे कानाने साधलेलं होतं. तिथे तंबोरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. मिरजेचा एक जुना तंबोरा आम्ही ध्वनिमुद्रित करून घेतला. दुकानात सगळ्यात आधी तोच लावतो.

पुढे आम्ही मोजमापाचं यंत्रही घेतलं, कानाच्या नळीची नक्कल करणारं. कोणत्या पट्ट्यात आवाज किती, हे दाखवणारा त्याचा आलेख आणि गिऱ्हाइकाचे शब्द शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा खालच्या आणि मधल्या भागात ते चांगले जुळले. वर, आठ हजारच्या आसपास, यंत्रात इअरफोन किती आत बसवला यावरच आलेख सरकतो. तिथे आम्ही माणसाच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवतो. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या ध्वनिसंशोधकांनी २०१३ च्या सुमारास दाखवून दिलं की बहुतेक श्रोत्यांना, खोलीत चांगले स्पीकर लावल्यावर येतो तशा वळणाचा आवाज हेडफोनमध्येही आवडतो. आमच्याकडे लोक त्यालाच ‘मोकळा’ म्हणतात, असं मला वाटतं.

दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकवताना आवाजाची पातळी आम्ही आधी सारखी करतो. यात तडजोड नाही. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक कानाला मोठेपणा म्हणून कळत नाही, दर्जा म्हणून कळतो. जो जरा मोठा वाजतो तोच ‘भरीव’ आणि ‘स्पष्ट’ ठरतो. पुष्कळ दुकानांत महागडा हेडफोन असाच विकला जातो आणि मला त्याचा राग येतो.

आता प्रत्येक हेडफोनपाशी आमच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी असते : काय ऐकताना कसा वाटला, कोणाला वाटला, चष्मा होता का. मुलगी ही यादी नीट लावते आहे. तिचं आणि माझं ‘गोड’ या शब्दावर अजून जमलेलं नाही. कोणी टोचत नाही त्याला गोड म्हणतं, कोणी सनईसारख्या धारदार आवाजाला. तिच्या मते दोन नोंदी कराव्यात, माझ्या मते शब्दच वगळावा. तोवर कोणी ‘गोड आवाजाचा दाखवा’ म्हटलं की ती विचारते, ‘कोणाच्या गळ्यासारखा?’ आणि ज्यांचं नाव येईल त्यांचं गाणं लावते.