नऊ गज कमी

अण्णांचं चिपळूणच्या बाजारातलं घर २२ जुलै २०२१च्या पुरात बुडालं. मातीच्या भिंती बसल्या, साग मात्र उभा राहिला. पुढे घर उतरवायची वेळ आली तेव्हा अण्णांनी मला बजावलं, "मेस्त्री, पडवीचा कठडा जळणात जाता कामा नये. नातीला खेळायला त्याचं काहीतरी करून द्या."

नात साडेतीन वर्षांची. नवीन घराच्या परसात मचाण करायचं ठरलं. सहा फूट बाय चार फूट, जमिनीपासून चार फूट उंच. लांबीच्या एका बाजूला शिडी आणि घसरगुंडी, उरलेल्या तिन्ही बाजूंना कठडा.

पुरात भिजलेल्या जुन्या लाकडावर काम करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. भेगांत गाळ बसलेला असतो, त्यातली बारीक रेती रंध्याची धार बघता बघता घालवते. खिळे आत मोडलेले असतात. मी आधी ताठ ब्रशने एकेक भेग साफ केली, मग लोहचुंबक फिरवून खिळे शोधले आणि त्यानंतरच रंधा लावला. खांब मातीत पुरले नाहीत. सिमेंटच्या ठोकळ्यांवर लोखंडी पट्ट्यांत उभे केले, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. कठड्याच्या सांध्यांना एकही स्क्रू नाही, सगळी कूस, म्हणजे भोकात बसणारी लाकडाची जीभ, आणि आरपार खुंटी. पॉलिश पेपर ८०, १२०, मग २२० नंबरचा. माझ्या तळहाताला घट्टे आहेत, कुसळ कळत नाही, म्हणून मनगटाची आतली बाजू प्रत्येक पट्टीवरून फिरवून बघितली. रंग लावला नाही. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१७ पासून लागू आहे. अण्णांनी काढून दिलेला डबा त्याच्या आधीचा होता आणि पोर कठडा चावणारच. जवसाच्या तेलाचे दोन हात दिले.

पडवीच्या कठड्याचे कातीव गज, म्हणजे कातून गोल घडवलेले उभे दांडे, सव्वीस होते. जाडी पोटाशी सव्वादोन इंच, मानेशी, म्हणजे टोकांच्या बारीक भागात, सव्वा इंच. असे गज आता कोण काततं? जिथे बघावं तिथे प्लाय आणि सनमायका. कठड्याची जुनी वरची पट्टी मी शिडीच्या बाजूंना वापरली. तिच्यात गजांची भोकं होती. ती सागाच्याच गुट्ट्या करून बुजवली, रेघेला रेघ जुळवून. नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. त्या गुट्ट्या मी अण्णांना हौसेने दाखवल्या.

पडवीचा कठडा दहा फुटांचा होता, मचाणाला चौदा फूट लागत होता. अण्णांना जुन्यात नवे गज मिसळायचे नव्हते. मी सव्वीस गज चौदा फुटांत सारखे वाटले. पोटाशी चार इंचांची फट आली. दिसायला सुबक दिसत होतं.

शेवटच्या दिवशी मी घसरगुंडीच्या कडा घासत होतो. नात वर होती. ती पालथी झाली आणि पाय आधी बाहेर काढून गजांमधून सरकली. कंबर गेली, छाती गेली, हात वर राहिले आणि हनुवटी व कान अडकले. पाय जमिनीला पोचत नव्हते. ओरडण्याचा आवाजही नीट येत नव्हता, त्यावरूनच मला कळलं.

मी धावत जाऊन खालून तिला दोन्ही हातांनी उचलून धरलं. गळ्यावरचा भार निघाल्याबरोबर ती मोठ्याने रडली. तेवढ्यात शेजारचे जमले. एकजण वरून डोकं ओढायला लागला, एक बाई साबणाचं पाणी आणा म्हणाली, आणि एका तरुणाने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. त्याचा मला अजून राग येतो. दोन रिकामे हात होते त्याला.

"कुणी ओढू नका," मी ओरडलो. हाताखालच्या पोराला तिला तसंच धरायला लावलं, तिच्या आईला वर पाठवून तिचं डोकं तळव्यांत धरायला सांगितलं. खुंटी मारलेला सांधा पटकन उघडत नाही. कटर जवळ पडला होता, पण तो तिच्या गालाजवळ कसा चालवणार? बारीक दातांची हातकरवत घेतली आणि गज बुडाशी कापला. सव्वा इंच साग. एरवी लक्षातही येत नाही इतकं थोडं. त्या दिवशी एकेक ओढ मोजत होतो. गज बाजूला वाकवला आणि ती माझ्या खांद्यावर आली. हनुवटीला आणि कानामागे खरचटलं होतं, बाकी काही नाही असं डॉक्टर म्हणाले. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अण्णांच्या मुलाने रात्री मला अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेतलं एक पान दाखवलं. मैदानातल्या खेळण्यांत साडेतीन इंच ते नऊ इंच या मापाची फट ठेवू नये. लहान मुलाचं डोकं अंगाच्या जाडीपेक्षा मोठं असतं. पाय आधी घातले तर अंग जातं, डोकं राहतं. आणि मी फट मोजली होती पोटाशी. मानेशी ती पाच इंच होती. एकतीस वर्षं मी कठड्याची उंची मोजत आलो. नकाशावर इंजिनिअरही उंचीच लिहितात, गजांमधलं अंतर मेस्त्रीवर सोडतात.

दुसऱ्या दिवशी कठडा उतरवायला गेलो तेव्हा शिडीवरच्या माझ्या गुट्ट्या ओळीने दिसल्या. टेप लावला. एका गुट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साडेचार इंच. म्हणजे पडवीत मानेशी फट फक्त तीन इंच दोन सूत, सव्वातीन इंच, होती. कोण होता तो मेस्त्री, कुणाला माहीत नाही. माप त्याने लाकडात ठेवलं होतं आणि ते मी माझ्या हाताने बुजवलं.

त्या मापाने चौदा फुटांचा हिशोब केला तर नऊ गज कमी होते. कापलेला धरून दहा कातून घेतले. म्हातारा कातारी शोधायला तीन आठवडे गेले. आता नव्या गजांचा रंग फिका दिसतो, अण्णांनी तो तसाच राहू दे म्हटलं. खाली नऊ इंच वाळूही टाकली.

मी आजवर केलेल्या गॅलऱ्यांची यादी काढली. आठवल्या तेवढ्या अकरा. सात घरी जाऊन आलो, चौघांनी मधे पट्ट्या मारून घेतल्या. दोघे म्हणाले, आमच्याकडे लहान कोणी नाही. एका घरात रांगणारं बाळ आहे, तिथली फट साडेचार इंच. "इतकी वर्षं काही झालं नाही ना?" म्हणून त्यांनी मला चहा दिला. माझ्या खर्चाने जाळी बांधून देतो म्हटलं, तर गॅलरीची शोभा जाईल म्हणाले.

बाळ येत्या महिन्यात उभं राहील. रविवारी पुन्हा जाणार आहे, जाळी बरोबर घेऊनच.