ड्रमच्या सरावासाठी हेडफोन निवडताना

ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षेत गाणी बॅकिंग ट्रॅकबरोबर, म्हणजे बाकीच्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित साथीबरोबर, वाजवायची असतात, त्यामुळे तयारी सुरू होताच ड्रमसेटवर बसून ट्रॅक ऐकायचा कसा, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. मोबाइलबरोबर मिळालेले साधे इअरफोन लावून पाहिले, तर स्नेअरच्या, म्हणजे सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, आवाजात ट्रॅक पार बुडून जाई आणि तो ऐकू यावा म्हणून आवाज शेवटच्या रेघेपर्यंत चढवावा लागे. म्हणजे ड्रमचा आवाज कानांवर आदळत होताच, त्यावर ट्रॅकचा आवाज मी स्वतःच्या हाताने आणखी चढवत होते. तास संपल्यावर कानांना दडे बसत आणि रिक्षात बसल्यावरही बराच वेळ बारीक शिट्टी वाजत राही. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. प्रेस शॉपमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी कान झाकणे आम्हाला सक्तीचे आहे आणि दरवर्षी श्रवणचाचणीही होते, त्यामुळे या शिट्टीचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शोध सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागली, कारण घरातल्या सर्वांचा समज वेगळाच होता. बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन वाजवणाऱ्याचे कान वाचवतात. खालच्या मजल्यावरच्या काकांची दुपारची झोप त्यांनी वाचत नाही. त्यासाठी रबरी पॅड, जाळीची कातडी किंवा इलेक्ट्रॉनिक सेट हेच उपाय आहेत. मी कोथरूडला ड्रम शिकवणाऱ्या सरांच्या वर्गात, तासाने मिळणाऱ्या खोलीत वाजवते, त्यामुळे तो प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता.

पहिले काम केले ते मोजमापाचे. अमेरिकेतील नियॉश या व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेचे ध्वनिमापक अ‍ॅप आयफोनवर विनामूल्य मिळते. भावाचा फोन आणून तो कानाच्या उंचीवर स्टँडला बांधला आणि नेहमीसारखे वाजवले, तेव्हा सरासरी शंभर डेसिबलच्या आसपास आली. रिमशॉटचे (कातडी आणि कडा यांवर एकदम मारलेल्या ठोक्याचे) क्षणिक टोक याहून बरेच वर जाते आणि फोनचा माइक ते नीट पकडत नाही, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचला पाहिजे. नियॉशची शिफारस ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसभरात फक्त १५ मिनिटे उरतात. माझा सराव रोज एक तासाचा असतो.

आता खोक्यांवरच्या आकड्यांकडे वळले. ड्रमच्या काठ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या विक फर्थचे एसआयएच २ हे हेडफोन २५ डेसिबल आवाज कमी करतात असे कंपनी सांगते, सेनहायझरच्या एचडी २८० प्रोसाठी ३२ डेसिबलपर्यंतचा दावा आहे आणि बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० एमसाठी ३५ डेसिबलचा. हे आकडे एका ओळीत मांडून मोठा तो चांगला असे ठरवणे सोपे आहे, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. एक तर ‘पर्यंत’ या शब्दाखाली बहुधा तीव्र (उंच पट्टीच्या) स्वरांवरचा सर्वोत्तम आकडा दडलेला असतो. बेस ड्रमचा खर्ज त्या मानाने पुष्कळ कमी अडतो. दुसरे म्हणजे प्रयोगशाळेत तज्ज्ञाने बसवलेला इअरमफ (कान झाकून आवाज अडवणारे टोप) आणि घामेजल्या डोक्यावर घाईघाईने ओढलेला इअरमफ यांत फरक पडतोच. आमचे सेफ्टी ऑफिसर यासाठी नियॉशचीच रीत वापरतात. इअरमफच्या एनआरआर आकड्यातून (तो किती डेसिबल आवाज अडवतो याच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापातून) आधी एक चतुर्थांश वजा करायचा, मग आणखी ७ वजा करायचे आणि जे उरेल तेवढाच भरवसा धरायचा. एनआरआर २५ असेल तर जेमतेम १२ डेसिबल हाती लागतात, ३१ असेल तर १६. माझे १०० डेसिबल पहिल्या बाबतीत ८८ वर येतात आणि दुसऱ्या बाबतीत ८४ वर, म्हणजे एका तासाच्या सरावापुरते दोन्ही मर्यादेत बसतात, पण ८५ च्या अलीकडे फक्त दुसरा येतो. ही रीत फार कडक आहे असे सरांचे म्हणणे. मला कानांच्या बाबतीत कडकपणाच बरा वाटतो.

विमानप्रवासासाठी घेतलेले, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने गोंगाट खोडणारे हेडफोन घरात होतेच, तेव्हा ते का वापरू नयेत असे यजमानांनी विचारले. मी ते वापरून पाहिले. हे यंत्र बाहेरचा आवाज माइकने ऐकून त्याच्या उलट तरंग तयार करते, त्यामुळे इंजिनाची घरघर किंवा पंख्याची गुणगुण यांसारख्या सतत चालणाऱ्या खर्जातल्या आवाजावर त्याची मात्रा उत्तम लागू पडते. स्नेअरचा ठोका मात्र अचानक उमटतो आणि त्यात तीव्र स्वर भरलेले असतात. तेथे हे तंत्र अपुरे पडते आणि उरतो तो फक्त हलक्या गादीचा आडोसा. माझ्या जोडीत तर बेस ड्रमच्या प्रत्येक जोरकस ठोक्याला ट्रॅकचा आवाज क्षणभर आत ओढल्यासारखा दबत असे.

ब्लूटूथचा मुद्दाही याच वेळी निघाला. आवाज उशिरा पोचत असल्याने ड्रमवाल्यांनी ब्लूटूथ वापरूच नये, असे सरसकट सांगितले जाते. ट्रॅक आणि क्लिक (लय दाखवणारी मेट्रोनोमची टिकटिक) दोन्ही एकाच फोनमधून येत असतील, तर दोन्ही सारखेच उशिरा येतात आणि आपण जे ऐकतो त्याच्याशीच लय जुळवतो, त्यामुळे साध्या ड्रमसेटवर हा उशीर जाणवत नाही. इलेक्ट्रॉनिक सेटचा आवाज मात्र हेडफोनमधूनच ऐकायचा असतो. तेथे काठी पडल्यावर ठोका मागाहून ऐकू आला, तर वाजवणेच अशक्य होते. पुढे-मागे तसा सेट घ्यायचा विचार असल्याने मी वायरवाल्यांवरच कायम राहिले.

उरलेल्यांची परीक्षा घेण्यासाठी सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याचे ड्रमवाल्यांचे हेडफोन दिले आणि दुसरीकडून एक स्टुडिओतली बंद पाठीची (वाट्या बाहेरून बंद असलेली) जोडी मिळाली. परीक्षेची पद्धत सरांनी सुचवली आणि ती इतकी उपयोगी ठरली की येथे सविस्तर लिहिते. हेडफोन लावून क्लिक सुरू करायचा, पूर्ण ताकदीने वाजवायला लागायचे आणि वाजवता वाजवता क्लिक स्पष्ट ऐकू येईल एवढाच आवाज वाढवायचा. मग बटणाला हात न लावता काठ्या खाली ठेवायच्या आणि खोली शांत झाल्यावर तोच क्लिक पुन्हा ऐकायचा. स्टुडिओच्या जोडीत तो असा टोचला की मी हेडफोन झटकन काढून टाकले. ड्रमवाल्यांच्या हेडफोनमध्ये तो मोठा होता, पण सहन होण्याजोगा. खोक्यावरचा कोणताही आकडा या एका कृतीइतके सांगत नाही.

त्यानंतर चष्मा काढून हीच कृती केली, तेव्हा आवाज आणखी दोन रेघा खाली आणता आला. चष्म्याची काडी गादी आणि कानामागची कातडी यांच्यामध्ये फट ठेवते आणि आवाजाला तेवढी फट पुरते. चष्म्याशिवाय मला नोटेशन दिसत नाही. डीटी ७७० एमची किंमत मी ठरवलेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होती आणि फट तेथेही राहिलीच असती, म्हणून तो पर्याय न आजमावताच सोडला.

शेवटी जे निवडले ते हेडफोन नव्हेतच. कानाच्या आत बसणारे, फोमच्या टोकांचे वायरवाले इअरफोन आणि त्यांच्यावर कारखान्यात वापरतात तसा इअरमफ, अशी ती जोडी आहे. शुअरच्या एसई २१५ साठी कंपनी ३७ डेसिबलपर्यंत आवाज अडतो असे सांगते. त्यांचे फोम बोटांत दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सरकवायचे आणि ते फुगेपर्यंत धरून ठेवायचे. फट राहिली तर ती वरच्या इअरमफला, या इअरफोनशी चष्म्याचा काहीच संबंध येत नाही. वर चढवायला थ्री-एमचा पेल्टर एक्स ५ ए मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणला, त्याचा एनआरआर ३१ आहे. दोन्हींची बेरीज होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. दुहेरी संरक्षणात मोठ्या आकड्यावर साधारण ५ डेसिबलची भर धरतात, कारण त्यापुढे आवाज कवटीच्या हाडांतूनच आत पोचतो. तरीही क्लिकची परीक्षा घेतली, तेव्हा शांत खोलीत तो शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाइतकाच भरला.

या जोडीचा त्रासही आहे. इअरमफ साडेतीनशे ग्रॅमचा आहे, एप्रिल-मे महिन्यांत गाद्यांखाली घामाच्या धारा लागतात आणि वायर काठीत अडकू नये म्हणून ती कुर्त्याच्या आतून पाठीवर सोडावी लागते. याहून गंभीर अडचण वाजवण्यातली आहे. तीव्र स्वर अधिक अडत असल्याने झांजा मंद वाटतात, स्नेअरवरचे हलके ठोके जवळजवळ नाहीसे होतात आणि ते ऐकू यावेत म्हणून हात नकळत जड पडू लागतो. सरांनी हे माझ्या आधी ओळखले. त्यामुळे आता ट्रॅकचा सराव या जोडीने करते आणि हाताचा हलकेपणा साधण्यासाठी शेवटचा थोडा वेळ ट्रॅक बंद करून संगीतकारांचे इअरप्लग लावते, जे सर्व स्वर जवळपास सारख्याच प्रमाणात खाली आणतात.

फोमची टोके मळली की बदलावी लागतात आणि इअरमफच्या गाद्याही घामाने ताठरतात, तेव्हा दोन्हींचे सुटे भाग मिळतात की नाही ते खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. वर्गातल्या लहान मुलांना मात्र मोठ्यांचा इअरमफ सैल बसतो. त्यांच्या मापाचे चार आता सरांनी मागवले आहेत आणि ते आल्याशिवाय मुलांना प्रॅक्टिस पॅडवरून ड्रमसेटवर बसवायचे नाही, असे पालकांना कळवले आहे.