आमची वाटचाल : चार गाड्या आणि एक चुंबक

1994 साली नाना पेठेत दहा बाय पंधराच्या जागेत गॅरेजचं शटर वर केलं, तेव्हा फियाट ही 'जुनी गाडी' नव्हती, गाडीच होती. कार्ब्युरेटर, क्लच, स्टिअरिंगखालचा गिअर. हात काळे आणि खिसा जेमतेम. पुढची पंचवीस वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही. गाड्या आल्या, गेल्या.

सदाशिव पेठेतले काका मात्र गेले नाहीत. त्यांची 1968 ची फियाट डिलाइट, 1089 सीसी, पहिल्या बिलापासूनची सगळी कागदपत्रं एका फायलीत. डाव्या दाराचा पत्रा खालून खाल्लेला होता. मी म्हटलं, "पुटी भरून देतो, स्वस्तात होईल." काका म्हणाले, "मिस्त्री, स्वतःच्या दाताला असं कराल का?" मग शिकलो. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून हातोडीने हलकेच टोकायचं. पत्रा बसला की आवाज बदलतो. तो ऐकू येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. त्या दाराला नऊ दिवस लागले. काकांनी मागितले त्याहून पाचशे जास्त दिले, आणि पावतीही मागितली.

2022 च्या मे महिन्यात बातमी आली : 1955 ची मर्सिडीज 300 एसएलआर, जगात दोनच, लिलावात 13.5 कोटी युरो. तिचं आपल्या प्रीमियर पद्मिनीशी काय नातं? काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये गंजलेली गाडी असलेला प्रत्येक माणूस लाखांत बोलू लागला. मीही बोललो. बायकोचं सोनं तारण ठेवून चार गाड्या उचलल्या : दोन पद्मिनी, एक स्टँडर्ड हेरल्ड, एक अँबॅसेडर मार्क टू. अकरा लाख.

2023 पासून बोलीच थंडावली. अमेरिकेत माँटेरेच्या ऑगस्टमधल्या जुन्या गाड्यांच्या लिलावांची उलाढालही सलग दोन वर्षं खाली आली, मग आमची काय कथा! माझी पद्मिनी ऑनलाइन लिलावात राखीव किमतीपर्यंत (जिच्याखाली विकायची नाही, ती) पोचलीच नाही, नोंदणीचे पैसे तेवढे गेले. वर 2021 चा नियम : विंटेजची 'व्हीए' नोंदणी पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीलाच. माझ्या पद्मिनी 84 आणि 91 च्या. पहिलीला त्या दारात उभं राहायला 2034 उजाडणार! घेताना हे का पाहिलं नाही, हे बायकोने विचारलं. अजूनही विचारते.

तेवढ्यात आमच्याकडेच पाना धरायला शिकलेला एकजण फोटो काढून गाड्या लिलावात विकू लागला. नाव घेत नाही. त्याने 'मूळ इंजिन' म्हणून विकलेली मार्क टू घेऊन गिऱ्हाईक माझ्याकडे आलं. बॉनेट उघडलं तर आत जपानी इसुझूचं इंजिन! आरसीवरचा इंजिन नंबर एक, ब्लॉकवरचा दुसराच. दाराखाली चुंबक लावलं, तर ते सरळ खाली पडलं. बोटभर पुटी. तरी त्या माणसाने माझ्याकडूनच बिलात सूट मागितली.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. गाडी घ्यायला जाताना चुंबक न्या, रंग बघू नका. फ्लोअरचं मॅट उचला. इंजिन आणि चॅसिस नंबर स्वतः टॉर्चने वाचा. आणि जुनी बिलं फेकणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, त्याने आणखी काय फेकलं असेल देव जाणे.

तीन गाड्या तोट्यात गेल्या, सोनं गेल्या वर्षी सुटलं. हेरल्ड अजून ताडपत्रीखाली आहे, तिच्यात मांजर विते. काकांना डिलाइटसाठी मोठा आकडा आला होता. त्यांनी तो फायलीत नोंदवून ठेवला, गाडी दिली नाही.

परवा त्या एकाचा फोन आला, डिलाइटची मागची काच आहे का म्हणून. माळ्यावर दोन आहेत, रबरासकट. नाही म्हणालो.