पिकअपच्या पुढच्या चाकांवरची काळी भुकटी आणि नवे ब्रेक पॅड

सोलापुरात पिकअपच्या रिमवर काळं साचलं की ते ब्रेकचंच आहे असं लगेच धरू नका. उसाच्या फडातून किंवा मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातून निघालेल्या गाडीवर काळ्या मातीचा थर असतोच. भुकटीला लोहचुंबक लावून बघा, असा सल्ला बरेच जण देतात, पण आपल्याकडे तो फसतो. ही माती बेसाल्ट झिजून झालेली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे मातीही चुंबकाला चिकटते.

त्यापेक्षा पुढची आणि मागची चाकं ताडून बघा. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रममधली लायनरची भुकटी बरीचशी आतच राहते, डिस्कची मात्र उडून रिमवर बसते. गाडी स्वच्छ धुवा, दोन-तीन दिवस डांबरी रस्त्यावरच चालवा आणि मग चारही रिमवरून ओलं पांढरं फडकं फिरवा. मागे तपकिरी धूळ आणि पुढे बोटाला चिकटणारी काळी भुकटी निघाली, तर ती पॅडची आणि डिस्कची झीज आहे. हो, डिस्कचीही. कडक पॅड डिस्कचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, खरवडतो, ते गरम कण रिमच्या रंगात रुततात आणि पाणी लागलं की गंजतात. अलॉय रिमवर दिसणारे नारिंगी ठिपके त्याचेच.

आता पुढचं डावं चाक आणि उजवं चाक बघा. एकाच बाजूला भुकटी जास्त असेल तर पॅड बदलून काही साधणार नाही. बहुतेक वेळा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, गाइड पिना सुकलेल्या किंवा गंजलेल्या असतात, नाहीतर पिस्टनचं रबर फाटून आत माती गेलेली असते. पॅड डिस्कवरून नीट मागे सरकत नाही आणि ब्रेक न मारताही घासत राहतो. पाच-सहा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवा, हलकेच थांबवा आणि दोन्ही चाकांच्या जवळ हात धरा, धातूला लावू नका. एक बाजू स्पष्ट गरम लागली तर कॅलिपर उघडायला हवा. कॅलिपर ठीक निघाला आणि तरीही चाक अडकतंच, तर रबरी होज तपासा. जुना होज आतून फुगतो, ऑइल पुढे जाऊ देतो पण मागे लवकर येऊ देत नाही.

दोन्ही पुढची चाकं सारखीच काळी होत असतील तर मागचे ब्रेक बघा. या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ड्रमचे लायनर झिजले, ॲडजस्टर जाम झाला, की मागचा ब्रेक उशिरा आणि कमी लागतो आणि सगळं काम पुढच्या पॅडवर येतं. ज्या पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ ओझ्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग वाल्व असतो, तिथे त्याची दांडी चिखलाने जाम झालेली किंवा वाकलेली सापडते. मग गाडी भरलेली असली तरी वाल्वला ती रिकामीच वाटते आणि तो मागचा दाब कमीच ठेवतो. पाटे वाढवून घेतलेल्या गाडीतही असंच होतं, कारण ओझं टाकल्यावर मागची बाजू पुरेशी खाली बसत नाही. पाटे वाढवले असतील तर वाल्वची सेटिंग मॅन्युअलप्रमाणे पुन्हा करून घ्या. हे दुरुस्त न करता महागडे कमी धुळीचे पॅड टाकले तर तेही लवकर झिजतील.

इथपर्यंत सगळं ठीक असेल, तरच पॅड निवडण्याचा प्रश्न येतो. बाजारात ढोबळमानाने तीन-चार प्रकार मिळतात. सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो, मुख्यतः पोलादाचा कीस आणि लोखंडाची पूड. उष्णता सोसण्यात तो भक्कम, पण भुकटी जास्त आणि डिस्कही जास्त खातो. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, भराव आणि राळ असते. तो शांत, मऊ, भुकटीही फिकट आणि कमी. पण फार तापला की राळ जळून वायू सुटतो आणि पकड घसरते. या दोन्हींच्या मधला लो-मेटॅलिक चावतो चांगला, भुकटी मात्र भरपूर करतो. सिरॅमिकमध्ये सिरॅमिक तंतू आणि बारीक भराव असतात. तो डिस्कवर स्वतःचाच पातळ थर चढवतो आणि त्या थरावर घासतो, म्हणून डिस्क कमी झिजते. भुकटी करड्या रंगाची, हलकी, रिमला न चिकटणारी. कमी धुळीचा पॅड म्हणून विकला जातो तो बहुधा सिरॅमिक किंवा ऑरगॅनिक असतो.

माझं मत असं की पिकअपला आधी ओझं बघायचं, धूळ नंतर. तुळजापूर भागातून कांदा भरून सोलापूरच्या बाजार समितीत येणारी गाडी घाट उतरून येते. दीड टन माल, एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या वर गेलेली हवा आणि ब्रेकवर सतत पाय, अशा वेळी ऑरगॅनिक पॅड टाकणं धोक्याचं आहे. वळणावर पेडल कडकच लागतं, पण गाडी थांबत नाही. रोज भरून चालणाऱ्या गाडीला कंपनीने दिलेल्याच जातीचा पॅड ठेवा, बहुधा सेमी-मेटॅलिक, आणि रिमवरची भुकटी धुऊन काढा. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरला तर ही भुकटीही कमी होते, कारण गाडीचा वेग धरून ठेवायचं काम इंजिन करतं.

डबल केबिन गाडी, घरची माणसं आणि थोडं सामान, शहरात आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर फिरणं, अलॉय रिम, असं असेल तर खुशाल सिरॅमिक घ्या. फक्त पॅड त्या गाडीसाठीच बनवलेला हवा. सकाळी थंड असताना पहिले एक-दोन ब्रेक थोडे सौम्य लागतील, एवढं ध्यानात ठेवा. पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकाच वेळी आणि एकाच जातीचे बदला. एका बाजूला जुना सेमी-मेटॅलिक आणि दुसरीकडे नवा सिरॅमिक टाकला तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या पिकअपमध्ये भारक्षमतेप्रमाणे आणि बीएस-४, बीएस-६ प्रमाणे कॅलिपर वेगळे असू शकतात. चासी नंबर द्या आणि जमल्यास जुना पॅड सोबत न्या. खोक्यावर ‘सिरॅमिक’ छापलेलं असणं हा पुरावा नाही. पॅड उजेडात धरून त्याचा चेहरा बघा: सेमी-मेटॅलिकमध्ये चमकणारे धातूचे कण डोळ्यांना दिसतात, सिरॅमिकचा पोत बारीक आणि एकसारखा असतो. इथे मात्र लहान चुंबक कामाला येतो. नव्या पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तो जोरात चिकटला तर आत पोलाद आहे. मागची पट्टी पोलादीच असते, पण नव्या पॅडमध्ये ती घासणाऱ्या बाजूपासून सेंटिमीटरभर दूर असल्याने तिची ओढ क्षीण लागते. झिजलेल्या पॅडवर ही परीक्षा करू नका, तिथे पट्टीच चुंबक ओढते.

पॅडच्या कडेला किंवा पट्टीवर पुष्कळदा एक कोड छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी दोन रोमन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं गरम असतानाची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ओझ्याच्या गाडीला एफएफच्या खाली जाऊ नका. पहिलं एफ आणि दुसरं ई असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. ही अक्षरं फक्त पकड सांगतात. भुकटी, आवाज आणि आयुष्य यांचा त्यांच्याशी संबंध नाही. कोड नाही, बॅच नंबर नाही, खोक्यावर ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचा उल्लेख नाही, असा सुटा पॅड कितीही स्वस्त मिळाला तरी परत ठेवा.

डिस्क बघितल्याशिवाय पॅड चढवू नका. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. मोजताना व्हर्नियर कडेवरून सरळ आत सरकवला तर तो बाहेरच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर बसतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. मायक्रोमीटर वापरा, घासणाऱ्या पट्ट्यात चार ठिकाणी मोजा. जाडी शिल्लक आहे पण खोल रेघा आहेत, किंवा ब्रेक मारताना पेडल थरथरतं, तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या, आणि फेसिंगनंतरची जाडीही मर्यादेत राहील ना ते आधी बघा. डिस्क चांगली असेल तरी जात बदलताना १२० नंबरच्या एमरी पेपरने जुना थर काढा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. सेमी-मेटॅलिकच्या जुन्या थरावर सिरॅमिक बसवला की तो किंचाळतो आणि दोष नव्या पॅडला दिला जातो.

बसवताना जुनी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर मास्क ठेवा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर काम करू नका. पिस्टन आत ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी बघा आणि वरपर्यंत असेल तर सिरिंजने थोडं काढा, नाहीतर ते बाहेर सांडून रंग खातं. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. गाइड पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. चासीचं साधं ग्रीस लावलं की रबरी बूट फुगतात आणि काही महिन्यांत पिना पुन्हा अडकतात. पॅडचे कान जिथे सरकतात तिथला गंज वायर ब्रशने काढा, पत्र्याच्या क्लिपा नव्या टाका. ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि घाटात तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. सगळं जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.

मग पॅड बसू द्या. रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये अर्धा-एक मिनिट चालू द्या, पूर्ण थांबू नका. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक जवळपास न वापरता चालवा. गरम पॅड डिस्कवर दाबून ठेवला तर तिथे डाग उमटतो आणि पुढे थरथर सुरू होते. पहिले २००-३०० किलोमीटर पूर्ण माल भरू नका. या काळात भुकटी थोडी जास्तच दिसेल.

धुलाई केंद्रावर चासीखाली डिझेल किंवा ऑइलचा फवारा मारत असतील तर चाकांजवळ मारू देऊ नका. तेल प्यायलेला पॅड घासून, भाजून नीट होत नाही, तो फेकावाच लागतो. घाटातून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणीही नको. रिमच्या आत बसवायच्या धूळ अडवणाऱ्या ताटल्या मिळतात, त्या ओझ्याच्या गाडीला लावू नका, डिस्कला लागणारी हवा त्या अडवतात.

दर ५,००० किलोमीटरला चाक काढून पॅड मोजा. बाहेरचा पॅड जाड दिसतो म्हणून समाधान मानू नका, पिस्टनकडचा आतला बहुधा आधी संपतो. दोन्हींपैकी जो पातळ असेल त्याचा घासणारा थर ३ मिलिमीटरवर आला की चारही बदला.